शिशाच्या पट्ट्यांची खिडकी: धुवायची की पुसायची?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. जुन्या घराच्या जिन्यावर तीन उंच खिडक्या आहेत. कडेच्या दोन खिडक्यांत शिशाच्या पट्ट्यांमध्ये बसवलेल्या साध्या, तिरप्या चौकोनी काचा आहेत आणि मधल्या खिडकीत रंगवलेली वेलबुट्टी आहे. काचा धुणाऱ्या माणसाने सुचवलंय की बाहेरून लांब खांबावरच्या ब्रशने शुद्ध पाणी मारू आणि आतून साबण लावून वायपर फिरवू. घरातल्या मोठ्यांचा कौल व्हिनेगर आणि वर्तमानपत्राला आहे. मागच्या खेपेला धुतल्यावर आतल्या कट्ट्यावर पाणी आलं आणि एक तपकिरी ओघळही उमटला. यातली कोणती पद्धत बरोबर आणि काळवंडलेलं शिसं घासून चकचकीत करता येईल का, असं तुम्ही विचारलंय.

मी सपाट काचांच्या मोठ्या इमारतीही साफ करतो आणि शिशाच्या खिडक्याही, त्यामुळे दोन्ही बाजू सांगू शकतो. तुम्ही द्रावणाबद्दल विचारताय, पण या खिडकीचं नुकसान द्रावणापेक्षा दाबाने आणि साचलेल्या पाण्याने जास्त होतं. कशाने पुसायचं हे ठरवायला पाच मिनिटं पुरतात. तुमची खिडकी किती दाब आणि किती पाणी सोसेल हे ठरवायला मात्र ती नीट बघावी लागते. मी ती पाहिलेली नाही, म्हणून खाली बऱ्याच ठिकाणी ‘असं असेल तर’ येईल.

पहिली गोष्ट, खिडकी कोणत्या जातीची आहे ते ओळखा. लांबून सारख्याच दिसणाऱ्या चार प्रकारच्या खिडक्या असतात. एक खरी, म्हणजे सुट्या काचा शिशाच्या पट्ट्यांत अडकवलेली. दुसरीत काच सलग एकच असते आणि तिच्यावर शिशाची चिकटपट्टी लावून नक्षी केलेली असते. तिसरीत ही नक्षी दुहेरी काचेच्या सीलबंद पोकळीत असते, तिला हात लागतच नाही. चौथ्या प्रकारात प्रत्येक तुकड्याच्या कडेला तांब्याचा पातळ पत्रा गुंडाळून सगळे तुकडे एकमेकांना झाळलेले असतात. १९व्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेतल्या टिफनीच्या रंगीत काचांच्या दिव्यांमुळे गाजलेलं तंत्र ते हेच.

ओळखायची सोपी युक्ती आहे. बाहेर उभं राहून तिरप्या नजरेने काचेतलं आकाशाचं किंवा झाडाचं प्रतिबिंब बघा. खऱ्या खिडकीत प्रत्येक तुकडा शेजारच्यापेक्षा किंचित वेगळ्या कोनात बसलेला असतो, त्यामुळे प्रतिबिंब तुटक दिसतं, प्रत्येक तुकड्यात थोडं सरकलेलं. चिकटपट्टीवाल्या खिडकीत ते पट्टीच्या खालून सलग जातं. सीलबंद प्रकार असेल तर साध्या काचेसारखा धुवा, पुढचं वाचायची गरज नाही. चिकटपट्टी असेल तर वायपर चालतो, फक्त पट्टीच्या सुटलेल्या कडा ओढल्या जाणार नाहीत एवढं बघा. तुमच्याकडे पाणी काचांच्या मधून आत आलं असेल तर खिडकी खरी आहे. पण पाणी नेमकं कुठून आलं हे तुम्ही लिहिलेलं नाही. ते लाकडी चौकट आणि भिंत यांच्या फटीतूनही येऊ शकतं, आणि तसं असेल तर तो सुताराचा किंवा गवंड्याचा विषय. पुढचं सगळं मी खिडकी खरी आहे असं धरून लिहितोय.

खरी खिडकी कशी बनते हे माहीत असलं की काय करू नये हे वेगळं पाठ करावं लागत नाही. शिशाच्या पट्टीचा छेद ‘एच’ या इंग्रजी अक्षरासारखा असतो. दोन्ही बाजूंच्या खाचांत काचा शिरतात आणि जिथे पट्ट्या मिळतात तिथे कथील-शिशाचा डाग देऊन सांधा झाळतात. एवढं झाल्यावरही खिडकी खुळखुळतेच. मग खडूची पूड आणि जवसाचं तेल यांची सैलसर लांबी, म्हणजे पुट्टी, ब्रशने त्या खाचांमध्ये कोंबतात. ही लांबी दोन कामं करते, पाणी अडवते आणि सगळ्या तावदानाला ताठपणा देते. शेवटी तावदान वाऱ्याने हलू नये म्हणून आडवे लोखंडी गज बसवून त्यांना तांब्याच्या तारेने बांधतात. गोधडीचं कापड कितीही चांगलं असलं तरी गोधडी टिकते टाक्यांवर, तसंच हे आहे. इथले टाके म्हणजे मऊ शिसं, वाळलेली लांबी आणि त्या तारा.

हे टाके काळाच्या ओघात सैल होतातच. शिसं तापमानाच्या प्रत्येक अंशामागे दर दहा लाख भागांत सुमारे २९ भाग वाढतं, काच सुमारे ९. म्हणजे ६० सेंटीमीटर उंचीच्या तावदानात ४० अंशांचा फरक पडला तर शिसं जवळजवळ ०.७ मिलिमीटर वाढू पाहतं आणि काच जेमतेम ०.२ मिलिमीटर. दिवसा उन्हात तापायचं, रात्री गार व्हायचं, हे वर्षानुवर्षं चालतं. शिसं लवचीक नाही, ताणलं गेलं की पूर्वीच्या जागी परत येत नाही. त्यामुळे तावदानाला हळूहळू फुगवटा येतो, डाग दिलेल्या सांध्यांच्या अगदी शेजारी पट्टीला बारीक चिरा पडतात, आणि तेल सुकून ठिसूळ झालेली लांबी भुग्यासारखी गळू लागते. अशा खिडकीत काच बहुतेक ठणठणीत असते. थकलेलं असतं ते तिला धरून ठेवणारं सगळं.

आता तुमच्या माणसाने सुचवलेल्या पद्धतींकडे येऊ. त्या वाईट नाहीत. मी स्वतः रोज वापरतो, पण दुसऱ्या जातीच्या काचांवर.

वायपर, ज्याला आम्ही धंद्यात स्क्वीजी म्हणतो, त्याचं आजचं हलकं पितळी रूप एत्तोरे स्तेक्कोने यांनी १९३६ साली पेटंट केलं. एकच रबरी पातं सलग, सपाट काचेवरून एका झटक्यात पाणी ओढून नेतं, ही त्याची खरी ताकद. १९५९ साली पिल्किंग्टन कंपनीने वितळलेल्या कथिलावर तरंगवून काच बनवण्याची रीत जाहीर केली आणि त्यानंतर खिडक्यांच्या काचा इतक्या सपाट झाल्या की स्क्वीजीला आणखीनच सुगीचे दिवस आले. तुमच्या खिडकीतली काच त्याआधीची, फुंकून केलेली असण्याची शक्यता बरीच आहे. ती लहरदार असते, पातं तिच्यावर उड्या मारतं आणि मध्ये पाण्याच्या रेघा सोडतं. त्यात दर काही इंचांवर शिशाची पट्टी वर आलेली. पातं पट्टीला अडकलं की माणूस नकळत जोर लावतो. तो जोर पट्टीवर पडतो, आणि पट्टीच्या कडेला साचलेलं साबणाचं पाणी सरळ लांबीच्या फटीत ढकललं जातं. अगदी छोट्या काचांसाठी कापून घेतलेलं चार बोटांचं पातं वापरणारे लोक आहेत आणि लाकडी चौकटीतल्या छोट्या चौकोनांवर ते छान चालतं. तिरप्या चौकोनांच्या कोपऱ्यात मात्र तेही पोचत नाही. फडकंच बरं.

खांबावरचा ब्रश ही उंच इमारतींसाठी उत्तम सोय आहे. पाणी आरओमधून आणि क्षार शोषणाऱ्या गाळणीतून काढून टीडीएस, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण, शून्याच्या आसपास आणतात, म्हणजे ते पुसावं लागत नाही, डाग न ठेवता सुकतं. माझा आक्षेप पाण्याच्या शुद्धतेला नाही, प्रमाणाला आणि दाबाला आहे. ब्रशमधल्या तोट्यांमधून पाण्याची धार थेट पट्टीच्या कडेवर बसते आणि थांबत नाही. पाऊस पडतो तेव्हा पाणी काचेवरून खाली ओघळतं. इथे मात्र ते काटकोनात येतं आणि वर ब्रशचे केस त्याला फटीत घासतात. शिवाय खाली उभं राहून सात-आठ मीटरच्या खांबाने घासताना टोकाला नेमका किती जोर लागतोय हे हाताला कळतच नाही, खांब वाकतो आणि तो जोर गिळून टाकतो. सपाट, जाड काचेला याने काही होत नाही. फुगलेल्या तावदानाला होतं.

एक गंमत इथे सांगायला हवी. क्षार काढून टाकलेलं, हवा मिसळलेलं पाणी शिशाला नळाच्या जड पाण्यापेक्षा जास्त खातं. ओलसर फडक्याने पुसून लगेच कोरडं केलं तर त्याचा काही परिणाम होत नाही, म्हणून मी आतून तेच पाणी वापरतो. पण तेच पाणी लिटरभर फटींमध्ये भरून ठेवलं तर गोष्ट वेगळी.

पात्याने खरवडणं आणि स्टीलचा काथ्या यांबद्दल फार लिहीत नाही. शिशाच्या खिडकीजवळ दोन्ही आणू नयेत.

व्हिनेगरबद्दल मात्र थोडं थांबून बोलू, कारण हा सल्ला सगळीकडून मिळतो. व्हिनेगर म्हणजे पाण्यात मिसळलेलं अ‍ॅसिटिक आम्ल. पूर्वी चित्रकारांचा पांढरा रंग, म्हणजे सफेदा, बनवायची रीतच अशी होती की शिशाचे तुकडे व्हिनेगरच्या वाफेत ठेवायचे आणि सोबत सडणाऱ्या शेणखताची ऊब आणि कार्बन डायऑक्साइड द्यायचा. काही आठवड्यांत धातूची पांढरी पूड व्हायची. तुमच्या खिडकीत तुम्ही हीच क्रिया लहान प्रमाणावर सुरू करणार. साध्या काचेवरचे पाण्याचे पांढरे डाग व्हिनेगरने सुंदर जातात, मीही तिथे वापरतो. शिशाजवळ नाही. ओला कागद तर पट्टीखाली सापडून तिथेच फाटतो, आणि त्याचे लगदे काढताना पुन्हा टोकदार काहीतरी हातात घ्यावं लागतं.

याच कारणासाठी एक सावधगिरी, जी लोक जवळजवळ हमखास विसरतात. गळती दिसली की कोणीतरी सिलिकॉनची नळी घेऊन येतं. वाळताना आंबट, व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन तेच आम्ल सोडतं. शिसं खराब होतं, आणि ते सिलिकॉन खाचेतून पुन्हा काढणं हे खिडकी सोडवून नव्याने बांधण्याइतकं काम होऊन बसतं. गळतीवर योग्य उपाय म्हणजे लांबी पुन्हा भरणं. खिडकी जागेवर असताना ती हाताने थोडीफार भरता येते, पण फुगवटा असेल तर तावदान उतरवून काम करावं लागतं आणि ते शिशाच्या काचेच्या कारागिराकडूनच करून घ्यावं.

अमोनिया असलेले निळे स्प्रेही बाजूला ठेवा. ते तांब्यावर आणि पितळेवर क्रिया करतात. तारा तांब्याच्या असतात आणि तांब्याचा पत्रा वापरलेल्या खिडकीवर तर मुद्दाम आणलेला काळा रंग उडतो. आणि स्प्रे म्हटला की द्रव हवा तिथे कमी आणि फटीत जास्त जातो. शेजारी दगडाच्या किंवा विटांच्या भिंतीची सफाई चालू असेल तर आधी चौकशी करा. त्या कामाच्या काही द्रवांत फ्लोराइडची आम्लं असतात आणि ती काच कायमची धुरकट करतात. ते डाग कुठल्याच सफाईने जात नाहीत.

आता तुमच्या तपकिरी ओघळाबद्दल. दोन शक्यता जास्त संभवतात. ओघळ आडव्या गजाच्या टोकापासून किंवा तारेच्या गाठीपासून सुरू होत असेल तर तो गंज आहे. गंजलेलं लोखंड मूळच्यापेक्षा जास्त जागा घेतं, त्यामुळे भिंतीत घुसवलेलं गजाचं टोक दगडाला किंवा गिलाव्याला फोडायला लागतं. तिथली भिंत फुगली किंवा चिरली आहे का बघा. ओघळ काचेच्या कडेपासून येत असेल तर पाण्याने जुन्या लांबीतली काजळी आणि मळ वाहून आणलाय, म्हणजे ती पट्टी आता पाणी अडवत नाही. दोन्ही बाबतींत निष्कर्ष एकच, बाहेरून जोराचं पाणी बंद.

पुसायला हात लावण्याआधी मी खिडकीची तपासणी करतो. त्यात विशेष काही उपकरण नाही. खिडकीच्या कडेला गाल टेकवल्यासारखं उभं राहून पृष्ठभागावरून नजर टाकायची, फुगवटा कुठे आहे ते लगेच दिसतं. मग टॉर्च अगदी तिरपा धरायचा, सांध्यांजवळच्या चिरा सावलीमुळे उठून दिसतात. बोटाच्या पेराने (नखाने नाही) एकेका काचेवर हलकी टिचकी. घट्ट बसलेली काच मुकी वाजते, सैल काच खुळखुळते. गजांना बांधलेल्या तारा तुटल्या आहेत का, कुठल्या काचेला तडा आहे का, कुणी पूर्वी चिकटपट्टी मारून ठेवली आहे का, हे सगळं कागदावर खिडकीचं चित्र काढून नोंदवतो. मोबाइलवर फोटोही काढतो, पण चित्र काढताना माणूस जास्त नीट बघतो असा माझा अनुभव आहे.

चार-दोन काचा सैल असतील तर त्या सोडून बाकीच्या पुसता येतात. फुगवटा स्पष्ट दिसत असेल, तारा सुटल्या असतील आणि तळहाताने अलगद टेकल्यावर तावदान आत-बाहेर होत असेल तर मी फक्त कोरडी धूळ झटकतो आणि मालकाला कारागीर बोलवायला सांगतो. गिऱ्हाईक नाराज होतं कधीकधी. होऊ द्यावं. तडा गेलेली काच ओली करू नका, पाणी तड्यात शिरतं आणि मळ आत ओढून नेतं. मग तो तडा काळी रेघ होऊन कायमचा दिसत राहतो.

मधली रंगवलेली खिडकी वेगळ्या हिशेबाने घ्यावी लागेल. काचेवरचा पारंपरिक तपकिरी-काळा रंग म्हणजे लोखंडाचा किंवा तांब्याचा ऑक्साइड आणि बारीक दळलेली काच. तो लावून भट्टीत साधारण ६०० ते ६५० अंश सेल्सिअसला भाजला की काचेशी एकजीव होतो. नीट भाजलेला रंग शतकानुशतकं टिकतो. पण सगळे नीट भाजलेले नसतात. १९व्या शतकाच्या उत्तरार्धात काही कारखान्यांनी रंग कमी तापमानाला वितळावा म्हणून त्यात टाकणखार मिसळला, आणि तो रंग ओलाव्याने सुटत जातो. काही ठिकाणी जुनी दुरुस्ती साध्या तैलरंगाने केलेली असते, भट्टी न दाखवता. हा रंग अल्कोहोलने सरळ निघून येतो, साबणाच्या पाण्यानेही धोका असतो. पिवळा रंग बहुधा चांदीच्या क्षाराचा असतो. तो काचेच्या आत झिरपलेला असल्यामुळे सहसा टिकाऊ आणि बऱ्याचदा काचेच्या बाहेरच्या बाजूला. निळे, हिरवे, जांभळे मीनाकारीसारखे रंग पापुद्रे धरण्यात सगळ्यांत पुढे.

रंग बहुतेक वेळा आतल्या बाजूला असतो. म्हणजे ज्या बाजूला तुम्हाला साबण आणि वायपर सुचवला गेलाय त्याच बाजूला. आधी भिंगातून बघा, दहापट मोठं दाखवणारं साधं भिंग पुरतं. रंगाच्या कडा उचलल्यासारख्या दिसल्या, पापुद्रे किंवा पावडर दिसली, तर तिथेच थांबा. सगळं घट्ट वाटलं तर कोपऱ्यातली, नजरेत न येणारी जागा निवडून कापसाचा बोळा डिस्टिल्ड वॉटरमध्ये भिजवा, दाबून जवळजवळ कोरडा करा आणि रंगावरून फिरवा. घासायचा नाही, लाटण्यासारखा गुंडाळत न्यायचा. बोळ्यावर राखाडी मळ आला तर तो मळ. तपकिरी, काळे किंवा रंगीत कण आले तर तो चित्राचा रंगच निघतोय, आणि मग ही खिडकी सफाईवाल्याची राहिली नाही, काच-संवर्धकाची झाली. इथे मी अजिबात तडजोड करत नाही, कारण मळ पुढच्या वर्षीही काढता येतो, निघालेला रंग परत लावता येत नाही. जुन्या रंगीत काचांचा अभ्यास करणाऱ्या कॉर्पस व्हिट्रिअरम या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या २००४च्या मार्गदर्शक तत्त्वांचाही कल हाच आहे, शक्य तितका कमी हस्तक्षेप. मध्ययुगीन काच असेल तर तिच्यावरचा पांढरट थर मळ नसून काचेचाच झिजलेला भाग असू शकतो. तुमच्या घराच्या वर्णनावरून तुमची खिडकी तेवढी जुनी वाटत नाही.

तर इथपर्यंतचं मिळून असं होतं: खिडकी खरी असेल तर खांब आणि वायपर नको, व्हिनेगर आणि स्प्रे नको, फुगवटा किंवा सुटा रंग असेल तर पाणीही नको. तपासणीत कडेच्या दोन खिडक्या ठीक निघाल्या, तर त्या पुढीलप्रमाणे पुसा.

आधी कोरडं काम. मऊ केसांचा ब्रश वरून खाली फिरवायचा आणि दुसऱ्या हातात व्हॅक्युमची नळी, तोंडावर जाळीचं कापड बांधलेली, काचेपासून चार बोटं दूर धरायची. ब्रश धूळ उडवतो, नळी ती ओढून घेते. पट्ट्यांवर पांढरी पावडर दिसत असेल तर तिथे कोरडा ब्रश फिरवू नका, ती शिशाची असू शकते आणि हवेत उडते. त्याबद्दल खाली लिहिलंय. निम्म्याहून जास्त मळ या कोरड्या फेरीतच जातो. बऱ्याच खिडक्यांत मी इथेच थांबतो आणि मालकाला फरक दाखवतो. पुढे जायचं की नाही ते मग ठरवतो.

मग ओलं काम, जे खरं तर ओलसर काम आहे. एका भांड्यात डिस्टिल्ड वॉटर, त्यात तटस्थ साबणाचे, म्हणजे पीएच ७ च्या आसपासच्या साबणाचे दोन-चार थेंब. दुसऱ्या भांड्यात नुसतं डिस्टिल्ड वॉटर. सुती किंवा मायक्रोफायबरचं छोटं फडकं बुडवून इतकं पिळायचं की दाबल्यावर थेंब पडणार नाही. एका वेळी एकच काच. मधून सुरुवात करून कडेकडे जायचं आणि पट्टीपासून दोन मिलिमीटर आधी थांबायचं. कडेचा तो पट्टा कापसाच्या काडीने, तीही पिळलेली. मग साध्या पाण्याचं फडकं, आणि लगेच कोरडं फडकं. पुढची काच मगच. मायक्रोफायबर वापरत असाल तर पट्टीच्या खरबरीत कडेला ते अडकतं हे लक्षात ठेवा, ओढलं की कड वाकते. म्हणून जुन्या खिडकीवर मी विरलेलं सुती कापड पसंत करतो.

आणि महत्त्वाचं, शक्य असेल तिथे दुसरा हात काचेच्या मागे. उघडता येणाऱ्या झडपेत हे सोपं आहे, तुम्ही आतून पुसताना बाहेरून तळहात टेकवा. बंद तावदानात दोन माणसं लागतात, एक आत आणि एक बाहेर, एकाच काचेवर समोरासमोर. हळू काम आहे. बाहेरून पोचता येत नसेल तर आतून दाब इतकाच ठेवा की फडकं फक्त सरकेल. डाग जात नसेल तर जोर वाढवायचा नाही, ओलसर बोळा मिनिटभर त्या डागावर ठेवून वाट बघायची. तरीही गेला नाही तर डाग राहू द्यायचा. जिन्यावरून जाणाऱ्या माणसाला तो दिसणार नाही, तुम्हाला मात्र आठवडाभर दिसत राहील, त्याला इलाज नाही.

बाहेरून बहुतेकदा पुसायची गरजच नसते. पावसाने काच धुतली जाते. कोपऱ्यातली जाळी, पक्ष्यांची विष्ठा, झाडाचा चीक एवढंच काढायचं आणि तेही वरच्याच पद्धतीने, हाताने. विष्ठा सुकी खरवडू नका, आधी ओलसर कापडाने मऊ करा. शिडी लावायची तर तिचं टोक भिंतीवर टेकायला हवं, खिडकीच्या चौकटीवर किंवा गजांवर नाही, आणि तोल सावरायला काचेवर हात ठेवायचा नाही. शिडीने पोचण्यासारखी उंची नसेल तर पाड बांधून घ्या किंवा बाहेरची बाजू सोडून द्या. बाहेरून जाड संरक्षक काच बसवलेली असेल आणि तिच्या आतल्या बाजूला ओल धरत असेल, तर मधली हवा खेळत नाही. ते पुसून सुटणार नाही, वर-खाली हवेला वाट करून द्यावी लागेल.

शिसं चकचकीत करायचं का? नको. शिशावरचा तो मंद राखाडी थर त्याचं संरक्षण आहे. घासून खालचा धातू उघडा पाडला तर तो पुन्हा काळवंडणारच, आणि प्रत्येक घासणीत आधीच पातळ झालेली पट्टी आणखी पातळ होणार. काही लोक ग्रॅफाइटचं काळं पॉलिश लावतात. ते पट्टीच्या कडेला काचेवर पसरतं आणि काढायला बसावं लागतं, मी करत नाही.

घासण्याला विरोध असण्याचं दुसरं कारण आरोग्याचं आहे. शिसं विषारी आहे, विशेषतः लहान मुलांसाठी आणि गरोदर बाईसाठी, आणि पट्ट्यांवरची पांढरी पावडर ही शिशाचंच संयुग असू शकते. ती लांबीतल्या खडूचीही असू शकते, पण डोळ्यांनी फरक कळत नाही, म्हणून शिशाची समजूनच वागायचं. ती ओलसर बोळ्याने टिपून घ्या. हातात नायट्राइलचे मोजे घाला, काम करताना खाणं-पिणं नको, खाली प्लॅस्टिक अंथरा आणि काम संपल्यावर ते ओल्या कापडाने पुसून घ्या. साधा घरगुती व्हॅक्युम अशी पावडर मागच्या बाजूने खोलीत परत सोडतो, हेपा, म्हणजे अगदी बारीक धूळही अडवणारी गाळणी असलेलाच वापरा. वापरलेली फडकी घरच्या कपड्यांसोबत धुवू नका, पिशवीत बांधून वेगळी टाका.

किती वेळा पुसायचं हे घराच्या जागेवर ठरेल. रस्त्याच्या धुळीत असलेल्या खिडकीला वर्षातून एकदा कोरडी फेरी आणि दोन-तीन वर्षांनी ओलसर फेरी मी पुरेशी समजतो. स्वयंपाकघराजवळ तेलकट थर बसत असेल तर थोडं आधी. खालच्या रांगेतल्या काचा नेहमी जास्त मळतात, कारण आतली वाफ काचेवर थंड होऊन खाली ओघळते आणि तिथे साचते. हिवाळ्यात सकाळी ते पाणी कोरड्या कापडाने टिपून घेतलंत तर पुढची सफाई बरीच लांबते आणि खालचे गजही कमी गंजतात.

तुमच्या सफाईवाल्याला लगेच नकार देऊ नका. त्याला हे सांगा आणि एका कोपऱ्यातली एकच काच पुसायला द्या. त्याने फडकं किती पिळलं आणि पट्टीजवळ हात कसा नेला ते बघा. रंग कोणत्या बाजूला आहे हे त्याने आपणहून विचारलं तर कडेच्या दोन खिडक्या त्याच्या हाती निर्धास्त सोपवा. मधल्या खिडकीचं मात्र आधी भिंगातून बघा, आणि जमल्यास कडा उचललेल्या जागेचा, गजाच्या टोकाचा आणि तो ओघळ जिथून सुरू होतो त्या जागेचा जवळून फोटो पाठवा. ते पाहिल्यावर लांबी भरून भागेल की तावदान उतरवावं लागेल, याचा मी थोडा नेमका अंदाज देऊ शकेन.